आमची साडेतीनशेची मोडकी खुर्ची आणि क्राकोवचं चिखलाचं चाक

मासुंदाकाठ | रविवार, रात्री ११:४०

गेल्या रविवारी आमच्या तालमीत एका खुर्चीवरून वाजलं.

आम्ही नऊ जण, सगळे नोकरदार. नौपाड्यात एकाच्या घरी सोफा भिंतीला सारून तालीम करतो. यंदाची एकांकिका युद्धावर आहे आणि दिग्दर्शकाला नेपथ्यात मोडकी खुर्ची हवी होती. नऊ घरांत मिळून एकही मोडकी खुर्ची निघाली नाही. शेवटी ठरलं की चांगली आणायची आणि तिचा एक पाय कापायचा. सुताराने साडेतीनशे सांगितले. वर म्हणाला, "साहेब, धडधाकट खुर्ची कशाला मोडता? मोडकी आणा, दोनशेत जोडून देतो."

सगळे हसले. मला मात्र तेव्हापासून एक चाक आठवतंय. हा धागा त्या चाकासाठी.

कंपनीच्या कामाने मी आठ महिने पोलंडमध्ये क्राकोवला होतो. तिथे व्हिस्तुला नदीच्या काठावर, जुन्या वीजकेंद्राच्या जागी, तादेउश कांतोर या नाट्यदिग्दर्शकाच्या कामाचं संग्रहालय आहे. क्रिकोतेका म्हणतात. खरं सांगायचं तर मी थंडी चुकवायला आत शिरलो होतो. कांतोर हे नाव नाटकवाल्यांनी ऐकलेलं असतं, १९७५ च्या 'मृत वर्ग' या प्रयोगामुळे. म्हातारी माणसं आपापल्या बालपणाचे पुतळे पाठीवर घेऊन शाळेच्या बाकांवर बसतात, ते. पण त्याची सुरुवात युद्धात, एका पडक्या खोलीत झाली, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्याच आठवड्यात क्राकोव जर्मनांच्या हाती पडलं. इमारती बऱ्यापैकी शाबूत राहिल्या, शहर आतून पोखरायला घेतलं. ६ नोव्हेंबरला विद्यापीठातल्या प्राध्यापकांना 'व्याख्यान आहे, या' म्हणून बोलावलं आणि त्या इमारतीतूनच १८३ जणांना उचललं. बहुतेकांची रवानगी झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत. पोलिश राजांच्या वावेल किल्ल्यात हान्स फ्रांक हा जर्मन गव्हर्नर राहायला आला. लिओनार्दोचं, हातात पांढरं जनावर घेतलेल्या तरुणीचं ते प्रसिद्ध चित्रही त्याने आपल्याकडे ठेवून घेतलं. शहरातलं मोठं नाट्यगृह फक्त जर्मनांचं झालं. चित्रकलेची अकादमी बंद. पोलिश माणसांना थिल्लर करमणुकीची मुभा होती, त्यांच्या स्वतःच्या कवींची, नाटककारांची नव्हती. मग नटांच्या भूमिगत संघटनेने ठरवलं की जर्मन परवान्यावर चालणाऱ्या रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही. कित्येक नटनट्यांनी कॅफेत ट्रे उचलून दिवस काढले.

कांतोर तेव्हा चोवीस वर्षांचा, अकादमीतून नुकता बाहेर पडलेला चित्रकार. त्याच्याभोवती जमलेली पोरंही बहुतेक चित्रकार. आपल्याकडे चित्रकार नाटकात आला की पडदा रंगवतो. यांनी अख्खं नाटकच चित्रकाराच्या डोळ्याने बसवलं. १९४३ मध्ये कुणाच्या तरी घरात स्वोवात्स्कीचं 'बाल्लादिना' केलं. शंभर वर्षांपूर्वीचं काव्यनाटक, पोलिश माणसाला घरच्यासारखं. त्यातली जलपरी नटीने करायची, तर यांनी तिच्या जागी एक थंडगार अमूर्त आकार उभा केला. आणि १९४४ मध्ये विस्प्यान्स्कीचं 'ओडिसियसचं परतणं', ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ग्रीक राजाची गोष्ट. चाक तिथलं.

खोली डोळ्यांसमोर आणा. गिलावा पडून विटा दिसतायत. जमिनीच्या फळ्या उखडलेल्या. रंगमंच नाही, पडदा नाही, प्रेक्षकसुद्धा त्याच ढिगाऱ्यात. नेपथ्य काय, तर चिखलाने माखलेलं गाडीचं चाक. एक कुजकी फळी. लाकडी घोडीवर ठेवलेली तोफेची नळी. वर लटकलेला लाउडस्पीकर. या पसाऱ्यात प्रेक्षकांकडे पाठ करून कुणीतरी कुबड काढून बसलंय, मळका लष्करी कोट, डोक्यावर हेल्मेट. तो वळतो आणि सांगतो, मी ओडिसियस, ट्रॉयहून परत आलोय.

त्या उन्हाळ्यात पूर्वेच्या आघाडीवरून जर्मन सैन्य मार खात मागे सरकत होतं. इथाकाचा राजा कुणाला दिसणार? प्रेक्षकांना स्टालिनग्राडहून परतणारा सैनिक दिसला. तो शत्रू आहे की घरी येणारा माणूस, हे नाटक सांगत नाही. मला विचाराल तर त्या खोलीतली सगळ्यात धाडसी गोष्ट ही.

त्याच शहरात, त्याच काळात दुसरंही एक चोरटं नाटक चालू होतं आणि ते बरोब्बर उलट्या टोकाचं. म्येचिस्वाव कोत्लार्चिक नावाच्या माणसाने १९४१ मध्ये 'रॅप्सोडिक' थिएटर सुरू केलं. वस्तू नाहीत, वेश नाहीत, हालचाल जवळजवळ नाही. फक्त शब्द. त्यातला एक तरुण दिवसा खाणीत दगड फोडायचा, नंतर रसायनांच्या कारखान्यात लागला. त्याच्या तळघरातल्या खोलीत तालमी व्हायच्या. त्याचं नाव कारोल वोयतिवा. १९७८ मध्ये तो पोप जॉन पॉल दुसरा झाला.

त्याची एक गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत असते. घरात मित्स्क्येविच या पोलिश कवीच्या 'पान तादेउश' या काव्याचा प्रयोग चालू. खाली रस्त्यावर जर्मनांचा लाउडस्पीकर विजयाच्या बातम्या ओरडायला लागला. वोयतिवा थांबला नाही, आवाजही चढवला नाही. जणू भोंगा नाहीच, अशा सुरात तो कविता म्हणत राहिला.

एकाने लाउडस्पीकरकडे दुर्लक्ष केलं, दुसऱ्याने तो नाटकातच टांगला. मला या दोन प्रतिक्रियांमध्ये अजून निवड करता आलेली नाही.

आता मुद्दा. आपण आज ज्याला 'प्रायोगिक दिसणं' म्हणतो, रिकामा मंच, मोडकी वस्तू, पाठमोरा नट, ते त्या लोकांकडे हौसेने आलेलं नव्हतं. चाक तिथे होतं, सोफा नव्हता. आमच्याकडे सोफा आहे, आणि आम्ही चाक विकत घ्यायला निघालोय. मग आमच्या खुर्चीचा कापलेला पाय नक्की काय सांगतो? मला खरंच उत्तर हवंय, टाळ्या नकोत.

---

तिसरी_घंटा | सोमवार, सकाळी ८:१२

सुताराला नेपथ्याचं पहिलं पारितोषिक देऊन टाका. लेख लोकलमध्ये वाचला, मुलुंड कधी गेलं कळलं नाही. 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत' म्हणणार होते, पण हा लेख नाही, भांडण आहे असं दिसतंय. बसते इथेच.

---

कळवा_कारशेड | सोमवार, सकाळी ९:३०

लेख छान, पण एक विचारू? लोक मरतायत, पोटाला नाही, आणि वीस जण घरात बसून काव्यनाटक बघतायत. त्याने जर्मन गेले का? गेले ते रणगाड्यांनी. कलावंतांना आपण फार मोठं काही केलं असं वाटायची सवय असते, राव. राग मानू नका.

---

मासुंदाकाठ | सोमवार, सकाळी १०:०५

राग कशाला. नाटकाने जर्मन गेले असं म्हणणारा माणूस मलाही भेटलेला नाही.

पण जर्मनांना ते बिनमहत्त्वाचं वाटत नव्हतं, एवढं नक्की. एप्रिल १९४२ मध्ये क्राकोवच्या चित्रकारांच्या कॅफेला वेढा घालून त्यांनी दोनशेच्या आसपास माणसं उचलली. तिथून आउशवित्झची छळछावणी. त्यातली बरीचशी महिना-दीड महिन्यात गोळ्या घालून मारली. कॉफी पीत होती ती. दोन वर्षांनी त्याच शहरातली पोरं ओडिसियस बसवतात, तेव्हा त्यांना पकडलं गेल्यावर काय होतं ते माहीत होतं. आणि बघायला येणाऱ्यालाही. प्रेक्षक गुन्ह्यात सामील. आपल्याकडे प्रेक्षक फार तर पार्किंगच्या पावतीत सामील असतो.

---

पाचपाखाडीचे_आजोबा | सोमवार, दुपारी ३:५०

पहिल्यांदाच लिहितो आहे, टायपिंगच्या चुका नातीने सुधारल्या आहेत.

डिसेंबर १९७१. मी अकरावीत. तीन तारखेला युद्ध सुरू झाले आणि ठाण्यात काळोख. खिडक्यांच्या काचांना आम्ही तपकिरी कागद चिकटवला, खळ घरीच शिजवली. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असे. भोंगा झाला की दिवे बंद. गल्लीतली पोरे गस्त घालायची आणि कुणाची फट दिसली की खालून ओरडायची. "दुसरा मजला, दिवा!" त्यातही काही जण आवडत्या खिडक्यांखाली जास्त वेळ ओरडत. असो.

आमची शाळेच्या स्नेहसंमेलनाची एकांकिका बसत होती. संमेलन होणार की नाही ठाऊक नव्हते, पण सर म्हणाले तालीम थांबणार नाही. टेबलावर गोधडी टाकून तिच्याखाली कंदील, आणि त्या उजेडात एकेकाने आत डोके घालून आपले पान वाचायचे. बाकीच्यांनी अंधारात ऐकायचे. पंधरा दिवसांत सगळ्यांची सगळी वाक्ये पाठ झाली, स्वतःची आणि दुसऱ्याचीही. कोण किती लांब उभा आहे ते आवाजावरून कळायचे. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली, दिवे लागले, आणि उजेडात पहिली तालीम केली तर ती इतकी वाईट झाली की सर म्हणाले, बंद करा रे ते दिवे.

पुढे हौशी नाटकांत बरीच वर्षे काढली. प्रकाशयोजनाकार 'इथे ब्लॅकआऊट' म्हणाला की मला अजून खळीचा वास येतो.

क्राकोवशी याची तुलना नाही. आमच्यावर बंदी नव्हती, जिवाची भीतीही फारशी नव्हती. पण अडचणीने नाटक बदलते, हे खरे आहे. खुर्चीचे मात्र मला पटले नाही. खुर्ची मोडू नये.

---

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी ४:०२

आजोबा, "आवडत्या खिडक्यांखाली" हे नातीने कसं काय ठेवलं! लिहीत राहा प्लीज.

---

वाशीकर_७६ | सोमवार, संध्याकाळी ७:२०

मासुंदाकाठ, तुमचा मुद्दा अर्धाच पटतो. टंचाईतून आलेलं तेवढं खरं आणि बाकी ढोंग, असं म्हणायला लागलो तर आपली अख्खी समांतर रंगभूमी निकालात निघेल.

दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल घ्या. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग सुरू केले. युद्ध नव्हतं. शाळेचा हॉल, घोड्यांवर फळ्या टाकल्या की झाला मंच, पंखे बंद केले तर घाम आणि चालू ठेवले तर संवाद ऐकू येत नाहीत. इथेही वस्तू कमीच होत्या, पण जिवावर बेतलेलं नव्हतं. तरी तिथून काय काय निघालं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे कारण गरिबी असो की हौस, शेवटी वस्तू मंचावर काय करते ते बघायचं. कापलेल्या पायाची खुर्ची नाटकात काम करत असेल तर साडेतीनशे वसूल.

आणि हे तुमचं चिखलाचं चाक म्हणजे ग्रोटोव्हस्कीचं 'गरीब थिएटर' ना? तेही पोलंडचंच.

---

मासुंदाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

ग्रोटोव्हस्की वेगळा, दादा. तो १९३३ चा, क्राकोवच्या त्या खोलीत ओडिसियस बसला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याचं 'गरीब' म्हणजे मंचावरून सगळं काढत न्यायचं, शेवटी नट आणि प्रेक्षक उरतात. नटाचं शरीर हेच सगळं. कांतोरचं गरीब म्हणजे वस्तू. अगदी खालच्या दर्जाची, कचरा आणि शाश्वतता यांच्या मधली. चाक त्याच्याकडे नटाइतकंच मोठं पात्र आहे. या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं, तेव्हा एकाचं श्रेय दुसऱ्याला दिलं तर दोघंही वरून शिव्या घालतील.

छबिलदासचं मान्य. माझं वाक्य जास्तच तोऱ्यात गेलं होतं.

पण एक फरक राहतोच. छबिलदासच्या फळ्या या छबिलदासच्या फळ्याच होत्या, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या पडक्या घराचं सोंग घेतलेलं नव्हतं. आमची खुर्ची सोंग घेणार आहे. युद्ध बघितलेल्या खुर्चीचं.

---

वाशीकर_७६ | सोमवार, रात्री १०:१०

सोंग घेणं यालाच आम्ही नाटक म्हणतो, पण ठीक आहे, कळलं.

तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. बोस्नियातल्या सारायेव्होला वेढा पडलेला असताना, १९९३ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगने तिथल्या नटांना घेऊन बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' केलं. वीज नव्हती, मंचावर मेणबत्त्या. तिने एका जोडीऐवजी वाट बघणाऱ्यांच्या तीन जोड्या केल्या आणि फक्त पहिला अंक केला. दुसऱ्या अंकातही गोदो येत नाही, हे त्या शहराला वेगळं सांगायची गरज नव्हती, असं मला वाटतं. आमच्या इथे एका ग्रुपने मेणबत्त्या लावून कवितावाचन केलं होतं, एसी बंद केला म्हणून अर्धे लोक उठून गेले.

---

पंचगंगेकाठची | मंगळवार, सकाळी ७:४०

मी मूळची कोल्हापूरची, आता खारघर. पोलंड म्हटलं की आमच्याकडे वेगळीच आठवण निघते.

क्राकोवमध्ये ओडिसियस चालू होता तेव्हा कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलेली, नंतर सुटका झाल्यावर इराणमार्गे इकडे पोचलेली. १९४३ ते १९४८ त्यांची छावणी होती. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना. ते गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथे वसले आणि जागेचं गांधीनगर झालं. आज तिथे कापड घ्यायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

माझी आजी शेजारच्या गावची. ती सांगायची की त्यांची पोरं सणाला पांढरे कपडे घालून, पाठीला कागदाचे पंख लावून काहीतरी नाटुकलं करायची आणि आमच्या गावची पोरं कुंपणावरून बघायची. भाषा कळायची नाही. पण एक मोठी बाई दरवेळी त्याच ठिकाणी रडायची, त्यामुळे आमच्या पोरांना कळायचं की आता तो भाग आला. मग तीही गप्प व्हायची.

प्रायोगिक वगैरे काही नव्हतं ते. आठवलं म्हणून लिहिलं.

---

मासुंदाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. त्याच ठिकाणी रडणारी बाई. या धाग्यात मी लिहिलेल्या सगळ्यापेक्षा हे वरचढ आहे.

---

शाहीराचा_नातू | मंगळवार, दुपारी १:३०

स्टालिनग्राडचा उल्लेख आला म्हणून. तुमचा ओडिसियस स्टालिनग्राडहून परततो, आणि त्याच सुमाराला, १९४३ मध्ये, मुंबईत अण्णा भाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा रचत होते. कामगार वस्तीत डफावर. मुंबईत इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना मे १९४३ ची, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

गंमत बघा. एकाच लढाईकडे क्राकोवची खोली हरलेल्याच्या पाठीमागून बघते आणि परळ-लालबागची चाळ जिंकलेल्याच्या बाजूने छाती काढून. पोवाड्यात शंका बसत नाही, तो प्रकारच तसा. शाहीर तोंड प्रेक्षकाकडे करूनच उभा राहणार, पाठमोरा उभा राहिला तर लोक विचारतील, बुवा रुसला का?

तुम्ही लोक 'आधुनिक' म्हटलं की युरोप बघता. माझ्या मते मिलच्या गेटवर, पाळी सुटताना, माइक नसताना हजार माणसं धरून ठेवणं हाही प्रयोगच. नेपथ्य शून्य.

---

कळवा_कारशेड | मंगळवार, दुपारी २:००

+१. हे मात्र पटलं. निदान त्याचा काही उपयोग होता.

---

उगाच_एक | मंगळवार, रात्री ११:५५

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

क्राकोवच्या नदीपलीकडे पोदगुझे नावाचा भाग आहे. मार्च १९४१ मध्ये तिथे शहरातल्या ज्यूंना कोंडलं, भिंत घातली. १३ आणि १४ मार्च १९४३ ला ती वस्ती रिकामी केली. ज्यांना काम करता येईल त्यांना छावणीत नेलं, बाकीच्यांपैकी कित्येकांना तिथेच रस्त्यात मारलं. तुमच्या चित्रकारांनी जलपरीचा अमूर्त आकार केला तो त्याच वर्षी. त्याच शहरात. मासुंदाकाठ, तुम्ही ज्या संग्रहालयात थंडी चुकवायला गेलात तेही पोदगुझेतच आहे. तुमच्या लेखात नदी आहे, पण नदीपलीकडे काही नाही.

मी नाटक करू नये असं म्हणत नाही. पण 'शहरात युद्ध चालू असताना कला' असं आपण म्हणतो तेव्हा ते एक शहर नसतं. एकाच्या वाट्याला पडकी खोली येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला तीही येत नाही.

त्या संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक चौक आहे. तिथे आता धातूच्या मोठाल्या रिकाम्या खुर्च्या ठेवल्यात, रांगेने, अंतर सोडून. वस्ती रिकामी केली तेव्हा त्या चौकात लोकांचं सामान पडलेलं होतं, खुर्च्या, टेबलं, कपाटं. त्याची आठवण म्हणून. त्यातली एकही खुर्ची मोडलेली नाही. सगळ्या धड आहेत. फक्त बसायला कुणी नाही.

---

तिसरी_घंटा | बुधवार, सकाळी ८:२०

...

---

मासुंदाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

उगाच_एक, तुमचं खरं आहे. त्या चौकातून मी रोज ट्राम पकडायचो. खुर्च्या बघितल्या होत्या, एकदा पाऊस असताना एकीवर बॅगही ठेवली होती. लेख लिहिताना त्या आठवल्या नाहीत. चाक आठवलं, कारण चाक 'नाटकाचं' होतं.

बचाव म्हणून नाही, पण माहितीसाठी: कांतोरचा बाप १९४२ मध्ये आउशवित्झमध्ये मारला गेला. त्याच्या पुढच्या कामात, 'मृत वर्ग'पासून तर उघडच, मेलेली माणसं पुन्हा पुन्हा येऊन बसतात. आणि या प्रयोगांत तो स्वतः मंचावर उभा असायचा, कोपऱ्यात, नटांकडे बघत, मध्येच हाताने खुणा करत. मी त्याची चित्रफीत बघितली तेव्हा वाटलं, हा दिग्दर्शन करत नाहीये, हजेरी घेतोय. पण १९४३ मध्ये नदीपलीकडे काय चाललंय ते त्याच्या खोलीत कितपत शिरलं होतं, हे मी सांगू शकत नाही, आणि उगाच सांगणारही नाही.

आज तालमीत तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही. मग दिग्दर्शक उठला, घरमालकिणीच्या डायनिंग टेबलाची एक खुर्ची उचलली आणि हॉलच्या मधोमध ठेवली. धड, चार पायांची, सीटवर प्लॅस्टिकचं कव्हर असलेली. म्हणाला, अख्खं नाटक हिच्या भोवतीने करायचं, हिच्यावर कुणी बसायचं नाही. करून बघितलं. एरवी जिथे आम्ही ओरडायचो तिथे आपोआप आवाज खाली आला. कारण विचारू नका. प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं की ठेवायचं यावर अर्धा तास वाद झाला. ठेवलं.

सुताराला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

---

वाशीकर_७६ | गुरुवार, सकाळी ९:००

म्हणजे साडेतीनशे वाचले. प्रयोग कुठे? घाणेकरचा मिनी थिएटर घेताय की स्पर्धेलाच?

---

मासुंदाकाठ | गुरुवार, सकाळी ९:२५

स्पर्धा पुढे बघू. आधी त्याच घरात, पुढच्या शनिवारी रात्री साडेआठला. वीस माणसं मावतात. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. एकच विनंती, चपला दाराबाहेर काढू नका, आत घेऊन या. मागच्या वेळी जिन्यात पंधरा जोड दिसले आणि खालच्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला.

---

तिसरी_घंटा | गुरुवार, सकाळी ९:३१

क्राकोवला लोक चपला काढून घरात जात नसणार, म्हणून वाचले. आपल्याकडे गेस्टापोला जिना बघितला की पुरलं असतं.

मी येतेय. दोन जागा.

---

पंचगंगेकाठची | गुरुवार, दुपारी १२:१०

खारघरहून शनिवारी रात्री परत जायचं म्हणजे ठाणे-वाशी शेवटच्या गाडीचं बघावं लागेल. किती वेळाची आहे?

---

मासुंदाकाठ | गुरुवार, दुपारी १२:४०

पन्नास मिनिटं. साडेनऊला मोकळ्या व्हाल, ताई.

---

पाचपाखाडीचे_आजोबा | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

मलाही यायचे आहे. जवळच राहतो, नात सोडायला येईल. एकच अडचण, गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही. एक खुर्ची लागेल.

---

मासुंदाकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

आजोबा, घरात डायनिंगच्या चार खुर्च्या आहेत. तीन आधीच तीन आज्यांसाठी ठेवल्यात. चौथी मधोमध आहे.

दिग्दर्शकाला विचारून सांगतो.

---

मासुंदाकाठ | गुरुवार, रात्री ११:०५

विचारलं. म्हणाला, आजोबांना मधोमध बसवा, नाटक त्यांच्याभोवती करू. पण अंधारातल्या तालमीत कोण कुठे उभं राहायचं ते त्यांनी आम्हाला आधी येऊन शिकवायचं. शुक्रवारी सातला जमेल?